पहिल्यांदा आयटीआर भरताय? आधी तारखांची भानगड समजून घ्या, मग लॉगिन करा

जून लागला की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले असतात. एक, "फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) आला का कुणाचा?" आणि दुसरा, "कशाला घाई करताय, तारीख वाढणारच आहे." पहिला कामाचा आहे, दुसऱ्याच्या नादाला लागलात तर पाच हजार रुपये हकनाक जातात, वर जुन्या रिजीमची (टॅक्स मोजायच्या जुन्या, वजावटीवाल्या पद्धतीची) सगळी वजावटही जाते, ते कसं ते खाली येईलच.

हे सगळं पगारदार आणि पहिल्यांदा आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न, भरणाऱ्यांसाठी लिहितोय. थोडा इतिहास आधी सांगतो, कंटाळू नका, कारण स्क्रीनवर एफवाय, एवाय, टीडीएस, सेल्फ असेसमेंट असलं जे काही दिसतं आणि डोकं फिरतं ते सगळं जुन्या भानगडींतून आलंय, आणि ती भानगड कळली की पाठ काहीच करावं लागत नाही.

१८६० ते मार्च एन्ड

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारची तिजोरी आटली, फौजेचा खर्च उरावर बसला, तेव्हा लंडनहून जेम्स विल्सन नावाच्या माणसाला हिशेब सांभाळायला कलकत्त्याला पाठवलं. त्याने १८ फेब्रुवारी १८६० ला बजेट मांडलं आणि त्यात इन्कम टॅक्स आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये कमावणाऱ्याला २ टक्के, त्याच्या वर ४ टक्के. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन, म्हणजे त्यांचाच माणूस, त्याने या टॅक्सला उघड विरोध केला तर त्यालाच माघारी बोलावून घेतलं. २४ जुलै १८६० ला कायदा झाला, म्हणून आजही २४ जुलैला आयकर दिन साजरा करतात. विल्सन स्वतः त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला आणि टॅक्सही १८६५ ला बंद पडला, पण सरकारला एकदा चटक लागली की लागली, मध्ये लायसन टॅक्स, सर्टिफिकेट टॅक्स अशी नावं बदलून तो येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला आला. शेतीचं उत्पन्न वगळलं गेलं तेही त्याच १८८६ मध्ये. गावाकडे शेती असलेल्यांनी हे लक्षात ठेवा, पुढे फॉर्म निवडताना लागणार आहे.

आता वर्ष एप्रिललाच का सुरू होतं? तर इथे सरकारी वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल होतं, १८६७ मध्ये ते १ एप्रिल ते ३१ मार्च केलं, विलायतेच्या हिशेबाशी जुळावं म्हणून. आपला मार्च एन्ड तिथून आला. व्यापाऱ्यांचं मात्र वेगळं चालायचं, कुणाची वही दिवाळीला सुरू व्हायची, कुणाची जानेवारीला, आणि टॅक्ससाठीही ते वर्ष बरीच दशकं चालवून घेतलं जायचं. ते बंद झालं १९८९-९० च्या असेसमेंट इयरपासून (म्हणजे ज्या वर्षी हिशेब द्यायचा ते वर्ष), तेव्हापासून सगळ्यांना एकच एप्रिल ते मार्च. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन आजही होतं, पण इन्कम टॅक्स खात्याला त्याच्याशी घेणं-देणं नाही.

बाकी दरांचा इतिहास लांबलचक आहे, एकच सांगतो. आज ३० टक्क्यांवरून बोंबाबोंब करणाऱ्यांनी ऐकावं असं. १९७१ मध्ये आपले यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना सगळ्यात वरचा दर सरचार्ज (टॅक्सवरचा जादा टॅक्स) धरून ९७.७५ टक्क्यांवर गेला होता, म्हणजे दोन लाखांच्या वर कमावलेल्या दर शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये घरी यायचे. १९७४ मध्ये त्यांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला.

३१ जुलै कुठून आली

रिटर्न भरायची आपली शेवटची तारीख ३१ जुलै. पूर्वी इन्कम टॅक्सच्या साहेबाची नोटीस आल्यावर रिटर्न भरायचं अशी पद्धत होती. १९२२ च्या कायद्यात १९३९ ला बदल झाला आणि दरवर्षी १ मेच्या आत पेपरात जाहीर नोटीस द्यायची आणि लोकांनी निदान साठ दिवसांच्या मुदतीत रिटर्न भरायचं असं ठरलं. १ मे अधिक साठ दिवस म्हणजे ३० जून, आणि पुढे बरीच वर्षं पगारदारांसाठी ३० जून हीच तारीख होती. २००१ च्या आधी ऑडिट नसलेल्या धंद्याला ३१ ऑगस्ट, ऑडिटवाल्यांना ३१ ऑक्टोबर आणि कंपन्यांना ३० नोव्हेंबर असं वेगवेगळं होतं. २००१ मध्ये पगारदार आणि ऑडिट नसलेले धंदेवाले सगळ्यांना एकत्र ३१ जुलैच्या लायनीत उभं केलं. गंमत म्हणजे २०२६ च्या बजेटमध्ये ऑडिट नसलेल्या धंद्यासाठी परत ३१ ऑगस्टचाच प्रस्ताव मांडला, म्हणजे पंचवीस वर्षांनी गाडी फिरून त्याच स्टेशनवर. आयटीआर-१ आणि आयटीआर-२ (हे फॉर्म, पायरी चौथीत येतील) वाल्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, ३१ जुलैच.

मुदतवाढीचं काय ते पण बघू. कोविडच्या साली तारीख ढकलत ढकलत १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. पुढच्या वर्षी नवीन पोर्टल धड चालेना म्हणून ३१ डिसेंबर २०२१. इथूनच लोकांच्या डोक्यात बसलं की वाढतेच. पण २०२२, २०२३, २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षं ३१ जुलै म्हणजे ३१ जुलैच होती, एक दिवस वाढला नाही. २०२५ मध्ये फॉर्म बदलले म्हणून आधीच मे महिन्यात १५ सप्टेंबर जाहीर केली आणि शेवटच्या रात्री पोर्टल हँग व्हायला लागलं म्हणून आणखी एक दिवस दिला, फक्त एक. म्हणजे वाढते तेव्हा काहीतरी कारण असतं, पोर्टल, फॉर्म, साथ. तुम्हाला वेळ मिळाला नाही हे त्यात बसत नाही.

घरातली मोठी माणसं अजून एक सांगतात, "आम्ही मार्चमध्ये भरायचो, काही होत नाही." त्यांच्या काळी खरंच काही व्हायचं नाही. टॅक्स बाकी नसेल तर उशिराला ठरलेली फी नव्हतीच. ती आली असेसमेंट इयर २०१८-१९ पासून, कलम २३४एफ. आता उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ५,००० आणि पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००, टॅक्स शून्य असला तरी. काकांचा सल्ला चुकीचा नाही, जुना आहे.

पायरी पहिली: भरायचं आहे का?

पगारातून टीडीएस कापला गेला म्हणजे रिटर्न भरून झालं असं नाही. टीडीएस म्हणजे कंपनीने तुमच्या नावावर जमा केलेला टॅक्स, रिटर्न म्हणजे तुम्ही दिलेला हिशेब. वजावटीच्या आधीचं उत्पन्न बेसिक मर्यादेच्या वर असेल तर भरावंच लागतं, नवीन रिजीममध्ये ही मर्यादा २०२५-२६ साठी ४ लाख आहे. इथे लोक फसतात, "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणजे रिटर्न नाही" असं समजतात. बारा लाखांपर्यंतची ती सूट आहे, रिबेट, आणि तो तुम्ही हिशेब दाखवलात की त्यात मिळतो. उत्पन्न कमी असलं तरी वर्षभरात लाइट बिल एक लाखाच्या वर गेलं, परदेश प्रवासावर दोन लाखांच्या वर खर्च झाला किंवा २५,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस कापला गेला तरी भरायला लागतं.

आणि हो, पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला जे २०० रुपये कापलेले दिसतात (फेब्रुवारीत ३००) तो प्रोफेशन टॅक्स, महाराष्ट्र सरकारचा. इन्कम टॅक्सशी त्याचा संबंध नाही, तो टीडीएसमध्ये शोधत बसू नका.

पायरी दुसरी: कागद, पण जून अर्धा होऊ द्या

१ एप्रिलला उत्साहाने भरायला बसलात तर अर्धवट माहितीवर भराल. कंपनी आणि बँका जानेवारी ते मार्चचं टीडीएसचं रिटर्न ३१ मेपर्यंत देतात आणि फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. म्हणजे तुमची खरी खिडकी १५ जून ते १५ जुलै. त्यानंतरचे पंधरा दिवस पोर्टल आणि सीए दोघंही गरम असतात.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा (पॅन आधारशी लिंक असलेलं हवं) आणि तिथून दोन गोष्टी डाउनलोड करा, फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सची यादी) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा). एआयएस हे नोव्हेंबर २०२१ पासून आलंय आणि ते एकदा नीट वाचाच, कारण तुमच्याबद्दल खात्याला काय काय ठाऊक आहे ते सगळं त्यात असतं. पगार, एफडीचं व्याज, सेव्हिंगचं व्याज, शेअरचा डिव्हिडंड, म्युच्युअल फंड विकले ते. कॉलेजात असताना आजोबांनी नावावर टाकलेली एफडी विसरला असाल तर ती तिथे व्याजासकट बसलेली दिसेल. एखादी एन्ट्री तुमची नसेलच तर तिथेच फीडबॅक द्यायची सोय आहे.

सेव्हिंग खात्याचं व्याज टीडीएस न कापता येतं म्हणून लोक दाखवतच नाहीत. दाखवा. बाराशे रुपये का असेनात.

पायरी तिसरी: नोकरी बदलली असेल तर इथे थांबा

हे जरा आकड्यांत सांगतो, कारण नवीन पोरांना सगळ्यात मोठा झटका इथेच बसतो. समजा एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत ६ लाख मिळाले. कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरलेली वजावट) वजा केलं, सव्वाअकरा लाख झाले, टॅक्स शून्य, टीडीएस शून्य. ऑक्टोबरपासून दुसरी कंपनी, पगार वाढला, मार्चपर्यंत ८ लाख मिळाले. तुम्ही जुन्या पगाराची माहिती दिली नाही, तिने फक्त आपले ८ लाख बघितले, टॅक्स शून्य. दोन्ही फॉर्म सोळा स्वच्छ. आता बेरीज करा: १४ लाख, वजा ७५,००० एकदाच, राहिले १३.२५ लाख. बारा लाखांच्या वर गेलात म्हणजे रिबेट गेला आणि टॅक्स चार लाखांपासून मोजायचा. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या सव्वा लाखावर १५ टक्के म्हणजे १८,७५०. एकूण ७८,७५०, त्यावर ४ टक्के सेस (उपकर), झाले ८१,९००. आणि हे खिशातून, वर व्याज, कारण दहा हजार किंवा त्याहून जास्त टॅक्स बाकी राहणार असेल तर तो वर्षातच ॲडव्हान्स टॅक्स म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा हप्त्यांत भरायचा असतो.

त्यामुळे नोकरी बदलली की नव्या एचआरला जुन्या पगाराचा आकडा लगेच द्या. लाजायचं काय त्यात.

पायरी चौथी: फॉर्म आणि रिजीम

साधा पगार, बँकेचं व्याज, घराचं भाडं, एकूण ५० लाखांपर्यंत, तर आयटीआर-१, त्यालाच सहज म्हणतात. शेअर किंवा म्युच्युअल फंडाचा लाँग टर्म नफा सव्वा लाखापर्यंत असेल तरी आता आयटीआर-१ चालतो, त्याच्या वर गेला किंवा शॉर्ट टर्म नफा-तोटा असेल तर आयटीआर-२. गावाकडच्या शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तरीही आयटीआर-१ चालत नाही, टॅक्स त्याच्यावर लागत नसला तरी दाखवायचं असतं आणि बाकी उत्पन्नाचा दर काढताना ते धरलं जातं. एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करताय तर तो धंदा समजला जातो, आयटीआर-३, आणि माझा सल्ला, तिथे सीएची फी द्या आणि मोकळे व्हा. दुबईला किंवा अमेरिकेत राहून इथल्या एफडीचं व्याज, भाडं घेणाऱ्या एनआरआय मंडळींना आयटीआर-१ चालत नाही, मुदत मात्र तीच.

रिजीम आपोआप नवीन निवडलेली असते. होम लोनचं व्याज, घरभाडं, ८०सी (पीएफ, विमा वगैरेंची वजावट) असं बरंच असेल तर जुन्याचा हिशेब करून बघा, पोर्टलवर कॅल्क्युलेटर आहे. पण जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीच्या आतच पाहिजे. उशीर झाला की जुनी रिजीम गेली. पाच हजारांच्या फीपेक्षा हा फटका कितीतरी मोठा बसू शकतो आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत न्यायची मुभाही उशिराच्या रिटर्नला मिळत नाही.

पायरी पाचवी: वर्ष नीट निवडा, यंदा जास्तच

ज्या वर्षी कमावलं ते एफवाय, ज्या वर्षी त्याचा हिशेब दिला ते एवाय. २०२५-२६ मध्ये कमावलेल्याचं असेसमेंट इयर २०२६-२७. इतकी वर्षं हेच चालू होतं. आता १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवीन कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय आणि त्याने ही दोन वर्षांची जोडी मोडीत काढून एकच "टॅक्स इयर" आणलंय, चांगलं केलं. पण पहिल्याच वर्षी घोळ असा की असेसमेंट इयर २०२६-२७ म्हणजे मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न, जुन्या कायद्याखाली, आणि टॅक्स इयर २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ पासून सुरू झालेलं, नवीन कायद्याखाली. आकडे तेच, वर्षं वेगळी. जुलै २०२६ मध्ये भरताय ते रिटर्न जुन्या कायद्याचं, एवायवालं. बाकी राहिलेला टॅक्स भरतानाही हेच बघा, रिटर्नबरोबर भरताय तो सेल्फ असेसमेंट टॅक्स आणि चालू वर्षाचा भरताय तो ॲडव्हान्स टॅक्स. चलन चुकीच्या वर्षात पडलं तर पैसे बुडत नाहीत, पण दुरुस्तीची कटकट मागे लागते.

पायरी सहावी: ई-व्हेरिफाय

सबमिट दाबलं की हिरवी टिक येते आणि लोक लॅपटॉप बंद करतात. काम अजून झालेलं नसतं. आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय केल्याशिवाय ते रिटर्न धरलंच जात नाही, आणि त्याला ३० दिवस असतात (पूर्वी १२० होते, १ ऑगस्ट २०२२ पासून कमी केले). त्या ३० दिवसांनंतर केलंत तर व्हेरिफाय केलेली तारीख हीच भरल्याची तारीख धरली जाते, म्हणजे २५ जुलैला भरून सप्टेंबरमध्ये ओटीपी टाकलात तर उशिराचीच फी. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर नेट बँकिंगने होतं, नाहीतर आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) ची प्रिंट काढून सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला (खात्याच्या रिटर्न तपासायच्या केंद्राला) स्पीड पोस्टाने पाठवायची.

रिफंड यायचा असेल तर बँक खातं आधी पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा, खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळायला हवं, लग्नानंतर एकीकडे नाव बदललं आणि दुसरीकडे नाही अशा बायकांचे रिफंड इथेच अडकतात.

हुकलीच तर

३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, फी आणि बाकी टॅक्सवर महिन्याला १ टक्का व्याज देऊन. २०२४ साली हीसुद्धा तारीख वाढून १५ जानेवारी २०२५ झाली होती, पण ती मुंबई हायकोर्टाने रिबेटच्या वादात सांगितलं म्हणून. डिसेंबरही गेला तर अपडेटेड रिटर्न, आयटीआर-यू, जे २०२२ ला आलं आणि आता चार वर्षांपर्यंत भरता येतं. पण त्यात टॅक्स आणि व्याजावर आणखी २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जादा भरावा लागतो, जितका उशीर तितका जास्त, आणि रिफंड मागायला ते वापरता येत नाही. वेळेत भरलेल्या रिटर्नमध्ये काही राहून गेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, रिवाइज्ड भरता येतं.

भरून झाल्यावर काही दिवसांनी ईमेलवर कलम १४३(१) ची इंटिमेशन येते. नोटीस आली म्हणून हातपाय गाळू नका, ती प्रत्येकाला येते, त्यात दोन रकाने असतात, एक तुमचा हिशेब आणि शेजारी खात्याचा. दोन्ही आकडे सारखे असले की ती पीडीएफ सेव्ह करा, पुढे होम लोनला किंवा व्हिसाला हीच मागतात.